लादीवरची माती

आमच्या घरात ‘माती खाणं’ याचा एकच अर्थ होता. मुलगा गणिताचा पेपर अर्धा सोडून घरी आला की माझा नवरा विचारायचा, “खाल्लीस ना माती?” मी गॅसवर दूध ठेवून शेजारणीशी दारात बोलत उभी राहिले की तोच प्रश्न मला. म्हणजे घोळ घालणं, आपल्याच हाताने आपली शोभा करून घेणं. खरोखरची माती तोंडात घालणारं कोणी आमच्या बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला येईल, आणि त्याच्यापायी मी रोज संध्याकाळी पाच वाजता फोनकडे बघत बसेन, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

तो म्हणजे एक सरडा. माझ्या मुलाला नोकरी लागली आणि वर्षभरात त्याने हा पाळला, मला न विचारता. कुंपणावर मान हलवत बसतो तो आपला सरडा नव्हे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि राग आला की ती दाढी काळी करून फुगवणारा. एका शनिवारी काचेची मोठी पेटी, दोन दिवे आणि हे ध्यान घरात आलं. मी म्हटलं, “या घरात एक तर हा राहील, नाही तर मी.” मुलगा म्हणाला, “आई, तुझं सामान जास्त आहे, तुला वेळ लागेल.” नवरा पेपराआड हसत होता. दोघांशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण गप्प बसणं माझ्या तब्येतीला मानवत नाही.

त्याला एक इंग्रजी नाव होतं. ते माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. मी ‘मेल्या’ म्हणायचे आणि तो मान तिरकी करून बघायचा, म्हणून तेच चालू राहिलं. खाणं काय, तर पाला, भोपळ्याचा कीस, अळ्या आणि झुरळं. विकतची झुरळं! ज्या घरात झुरळ दिसलं की मी चप्पल घेऊन धावते, त्याच घरात झुरळांचा डबा यायचा, झाकणाला भोकं पाडलेला. श्रावणात तर कहर. आम्ही कोकणातली माणसं, मासे बंद झाले की आधीच चेहरे उतरलेले, आणि हा पेटीत बसून कुरुमकुरुम चावतोय. “घरात एकटा तोच नशीबवान,” असं नवरा वरणभात कालवत म्हणायचा.

मग मुलाला जर्मनीत नोकरी लागली. सरडा त्याच्या मित्राकडे जाणार होता. तेवढ्यात मित्राचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोने सांगितलं, घरात सरडा तरी येईल नाही तर मी. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिचं ऐकलं गेलं याचा मला थोडा हेवाच वाटला. “आई, तीन-चार महिने सांभाळ, मी काहीतरी बघतो,” असं म्हणून मुलगा निघाला. विमानतळावर वाकून नमस्कार केला आणि जवळ येऊन म्हणाला, “दिवे सकाळी आठला लावायचे, संध्याकाळी आठला बंद करायचे. विसरू नकोस.” मला वाटलं होतं, काहीतरी वेगळं म्हणेल.

पहिले दोन महिने रोज फोन. त्याची जेवणाची सुट्टी आणि आमचा पाचचा चहा एकाच वेळी यायचा. मी विचारायचे, “जेवलास का?” तो तोंडात घास घेऊन म्हणायचा, “जेवतोच आहे गं. तुला दुसरा प्रश्न येत नाही का?” खरंच येत नव्हता. त्याच्या ऑफिसातलं मला कळत नाही. तिथलं हवामान विचारून किती विचारणार? आणि ‘तू नाहीस तर घर खायला उठतं’ असं आमच्यात कोणी बोलत नाही. माझी आई मला कधी असं म्हणाली नाही, मी त्याला कधी म्हटलं नाही. आम्ही जेवलास का विचारतो, आणि बाकीचं त्यात आलं असं धरून चालतो.

हळूहळू फोन दोन दिवसांआड झाला. मग फक्त रविवारी. मग नुसता अंगठा. मी सकाळी लिहायचे, ‘आज भोपळा आवडीने खाल्ला त्याने’, दुपारी अंगठा यायचा. मुलगा वाईट नाही हो. नवं गाव, नवी माणसं, काम. हे सगळं मला कळत होतं, आणि कळून काहीही उपयोग होत नव्हता. पाच वाजता मी कप घेऊन त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. समोर पेटीत तो. बाहेर नॅशनल पार्कातली माकडं गच्चीवर उतरलेली असायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्या तरी वाळवणावरून आरडाओरडा चाललेला असायचा. फोन टिंग टिंग करायचा, मी धावून उचलायचे, तर माकडांचे फोटो.

आता मातीचं सांगते. पेटीच्या तळाला मुलाने चार बोटं जाड अंथरूण घातलं होतं, काथ्याचा भुसा आणि वाळू एकत्र करून. तो काथ्या विटेसारखा दाबलेला येतो आणि पाण्यात टाकला की फुगतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमच्या मालवणकडे नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत जातात, आणि इथे माझा मुलगा त्याचीच भुकटी घरपोच मागवतोय, सरड्याच्या पोटाला मऊ लागावं म्हणून! पण मेल्याला ती आवडायची. उकरायचा, आणि खड्डा करून त्यात पोट टेकून पडायचा.

मी अळ्या त्या मातीवरच टाकायचे. तो जीभ टाकायचा, अळीबरोबर माती आत. चालायचंच म्हटलं, कोंबड्या नाही का खात. पण श्रावण लागता लागता बघते तर अळी नसतानाही हा माती चाटतोय. कोपऱ्यात तोंड घालून चक्क घास घेतोय. आणि मग पाच दिवस पेटीत शी नाही. पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले, झुरळ नाकावरून गेलं तरी ढिम्म. मी मुलाला लिहिलं, ‘हा माती खातो आहे. पाच दिवस पोट साफ नाही.’

या वेळी अंगठा आला नाही. मिनिटभरात फोन वाजला, व्हिडिओवर. “माती खाल्ली? किती खाल्ली? कधीपासून? आई, जवळ ने फोन, दाखव मला.” मागून नवरा म्हणाला, “चला, घराण्याचं नाव काढलं.” मुलगा हसला नाही. त्याचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी एवढ्या जवळून बघत होते. दाढी वाढली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो सरड्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यात जुना टॉवेल घालून मी त्याला अंधेरीला नेलं. असली जनावरं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई तिथे आहेत. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “क्या है मॅडम, बिल्ली?” मी म्हटलं, “मुलाचं आहे.” त्याने आरसा सरळ केला. एक्स-रे काढला, तर पोटात पांढरट गोळा. डॉक्टरीणबाई तरुण आणि फटकळ, मला लगेच आवडल्या. “काकू, अंगात कॅल्शियम कमी पडलं की ही जनावरं माती शोधतात. त्यात तुम्ही खाणं मातीतच टाकता, मग दुसरं काय होणार? सगळी माती काढा. खाली लादी घाला नाहीतर कागद. खाणं वाटीत द्या, अळ्यांना कॅल्शियमची पावडर लावा. आणि तो दिवा कधी बदललात? वर्ष झालं की तो नुसता उजेड देतो, अंगाला काही लागत नाही. आत्ता रोज कोमट पाण्यात बसवून पोट चोळा. तीन दिवसांत नाही झाली तर परत आणा, मग कापावं लागेल.”

कॅल्शियम! मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या वीस-बावीस वर्षं मागे गेले. माझा मुलगा बालवाडीत असताना पाटीवरच्या पेन्सिली खायचा. कर्रर्र चावून. मी त्याचे खिसे तपासायचे, रट्टे द्यायचे. एकदा तर जीभ बाहेर काढायला लावली, सगळी पांढरी. तो हुंदके देत म्हणाला होता, “आई, मला नको असते. तोंडाला हवी असते.” शेवटी आमच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. म्हणाले, मारताय काय, अंगात कमी आहे ते द्या. मग दूध आणि नाचणीची आंबील सुरू केली, महिन्याभरात ते खूळ गेलं. डॉक्टरीणबाई पुढे काय काय सांगत होत्या, ते मला त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घेतलं. मनगटावर थेंब टाकून बघितला, बाळाच्या आंघोळीला बघतात तसा. मेला पाण्यात चारी पाय पसरून बसला. मी दोन बोटांनी पोट चोळत होते, वरून खाली, वरून खाली. फोन साबणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, त्यात मुलगा. एका कानात त्याची ऑफिसची मीटिंग, दुसऱ्या कानात आम्ही. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी एकदम गढूळ झालं आणि मी ओरडले, “झाली रे झाली!” इतक्या मोठ्याने, की शेजारीण धावत आली. “काय झाली? मुलगी? कोणाला?”

तिकडे मीटिंगमध्ये मुलगा फिसकन हसला. मग त्याने मीटिंग सोडली आणि चाळीस मिनिटं बोलला. माझ्याशी. घरमालकीण कशी खडूस आहे, भात कसा चिकट होतो, भाषा अजून कशी जमत नाही. “आणि एकटं बसून जेवायला नको वाटतं गं,” हे असंच मध्येच. मी टबापाशी जमिनीवर बसले होते, हातात ओला सरडा, गुडघे ठणकत होते. पण उठले नाही. उठले असते तर फोन हलला असता.

मग मी माती काढली. सगळी, चमच्याने कोपरे खरवडून. आधी कागद घालून बघितला. आमच्या पेपरात पहिल्या पानावर टोमॅटोचा फोटो होता, हा मेला तोच चाटायला लागला. मग लादी. मुंबईत प्रत्येकाच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या चार लाद्या असतात, उद्या एखादी फुटली तर असाव्यात म्हणून ठेवलेल्या. आमच्याकडे मुलाच्या खोलीतल्या उरल्या होत्या, करड्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. पेटीत त्या छान बसल्या, एक तेवढी कापून आणावी लागली. अळ्या मी रव्यात बोंबील घोळवतात तशा पावडरीत घोळवायचे आणि वाटीत ठेवायचे. वाटी स्टीलची, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची, त्याचं नाव घातलेली. नवा दिवा आला. गावाकडे गोकुळाष्टमीला करतात त्या शेवग्याच्या पाल्यात सगळं कॅल्शियमच असतं म्हणे, तो रोज. देवाच्या जास्वंदीतलं एक फूल त्याला. पंधरा दिवसांत मेला टुणटुणीत.

आणि फोन थांबले.

एकदम नाही. दिवसातून तीनदा यायचे ते एकदा यायला लागले, मग ‘सगळं ठीक ना?’ एवढंच, मग अंगठा. गणपतीत आरतीच्या वेळी व्हिडिओ लावला, तर दोन मिनिटं दिसला. आरती संपायच्या आत कोणीतरी बोलावलं म्हणून गेला. मी मोदकाचं ताट फोनसमोर धरून तशीच उभी. नवऱ्याने हळूच ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

विसर्जन झाल्यानंतरचा गुरुवार होता. पाच वाजले. चहा घेऊन पेटीसमोर बसले. तो लादीवर पोट टेकून दिव्याखाली पडला होता, गुबगुबीत, तृप्त. त्याच्याकडे बघून मला राग आला. खरंच सांगते. बरा कशाला झालास रे मेल्या, असं मनात आलं. हाताने फोन उचलला आणि लिहिलं, ‘आज परत माती खाल्ली त्याने.’

मिनिटभरात फोन वाजला.

कुठून खाल्ली, असं त्याने विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, कुंडीतली उडून आली असेल. त्याने विचारलंच नाही. “किती खाल्ली? बरं. दाखवू नकोस, राहू दे, झोपला असेल. तू सांग.” मग मी सांगत गेले. त्या आठवड्यात चार फोन आले. मी शिकत गेले. रोज खाल्ली म्हणून चालत नाही, तो डॉक्टरकडे न्यायला सांगेल. म्हणून एक दिवस खाल्ली, एक दिवस नुसती चाटली, एक दिवस नुसता बघत बसला होता पण मला लक्षण बरं दिसत नाही. अशा त्या बिचाऱ्याच्या पोटाच्या गोष्टी मी पंधरा-वीस दिवस रचत होते. लाज वाटत नव्हती का? वाटत होती ना. पाच वाजून एक मिनिटापर्यंत वाटायची.

कारण मातीची चौकशी दोन मिनिटांत संपायची. मग तो फोन भिंतीला टेकवून जेवायचा आणि मी चहा प्यायचे. एकदा त्याने मला विचारून विचारून पिठलं केलं, गुठळ्यांसकट. एकदा नुसता खिडकीबाहेरचं झाड दाखवत बसला. बोलण्यात काही विशेष नसायचं. तेच तर मला हवं होतं.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, “गो, ह्या काय बरा नाय.” काळजी वाटली की तो मालवणीत जातो. मी म्हटलं, “तुम्ही पेपर वाचा.”

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मुलगा अचानक म्हणाला, “आज दाखव ना त्याला. खूप दिवस झाले.” माझी वाट लागली. पेटी चकचकीत, लादी मी सकाळीच पुसलेली, आणि दहा मिनिटांपूर्वी मी सांगितलेलं की आज भरपूर खाल्ली. “थांब, उठवते,” म्हणून फोन पालथा ठेवला, बाल्कनीत धावले, तुळशीतली चिमूटभर ओली माती आणली आणि मेल्याच्या नाकाला, ओठांना फासली. मग फोन धरला. “बघ. आत्ताच खाल्ली.” मुलगा बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “काम आलंय, ठेवतो.” फोन बंद झाला, आणि सरड्याने जीभ काढून ओठांवरची माती साफ चाटून गिळली. तुळशीला मी त्याच आठवड्यात खत घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. दसऱ्यालाही नाही. दाढी काळी पडलेली, डोळे अर्धे. आता सांगायचं कोणाला? मुलाला काय लिहू, ‘आज माती खाल्ली’? ते तर मी रोजच लिहीत होते. खरं झालं तेव्हा सांगायला तोंड उरलं नव्हतं. मी कोमट पाण्याचा टब भरला आणि पोट चोळत बसले. नवरा झेंडूचं तोरण तसंच टाकून टब धरून बसला. “खाल्लंस मा माती?” तो म्हणाला, अगदी हळू. मी मान हलवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गढूळ झालं. या वेळी मी ओरडले नाही. पाणी ओतून दिलं, नळ सोडला आणि बाथरूमचं दार लावून रडले.

त्याच दिवशी पाच वाजता मुलाचा फोन आला. मी काही न लिहिता. आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा आवाज ऑफिसात बोलतात तसा होता. “आई, मुलुंडला एक जोडपं आहे. त्यांच्याकडे असेच चार आहेत, मोठ्या पेट्या, सगळं व्यवस्थित. मी बोललोय त्यांच्याशी. रविवारी येऊन घेऊन जातील. तुला खूप त्रास झाला.”

हा गेला की पाच वाजता फोन कशाला वाजेल? तेवढंच डोक्यात. सरड्याचं नव्हतं माझ्या डोक्यात काही, खोटं कशाला बोलू.

“नको,” मी म्हटलं. “त्याला काही झालेलं नाही. केव्हाचा बरा आहे तो. त्याने नाही खाल्ली माती. मी खाल्ली.”

“आई...”

“ऐक आधी. तू फोन करत नव्हतास. हा आजारी पडला की करायचास. म्हणून मी रोज खोटं बोलले. त्या दिवशी त्याच्या तोंडाला मीच माती फासली. ती त्याने गिळली आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. मेला असता माझ्यामुळे.” मला दम लागला. “मला खोटं बोलायचं नव्हतं रे. मला नको असतं. तोंडाला हवं असतं.”

तो म्हणाला, “पेटीतली लादी माझ्याच खोलीतली आहे ना?”

“हो. माळ्यावरची.”

“पहिल्या दिवसापासून दिसतेय मला. तू फोन धरतेस तेव्हा मागे पेटीचा खालचा कोपरा येतोच. लादीवर कुठली माती, आई?”

मला आधी कळेचना. “मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? नुसता फोन केला की तू जेवलास का विचारतेस, मी हो म्हणतो, मग दोघं गप्प. मला काय बोलायचं तेच सुचत नाही. मग मी फोनच करत नाही. याच्या मातीचा विषय निघाला की बोलता तरी येत होतं. पण त्या दिवशी त्याच्या नाकाला खरी माती दिसली. ओली. तेव्हा घाबरलो. आपल्या दोघांच्या नादात तो मरेल गं.”

बरोबर होतं त्याचं. नको तेवढं बरोबर होतं. खोलीत तो मेला लादीवर बसून माझ्याकडे बघत होता, मान तिरकी करून.

“नेऊ दे त्यांना,” मी म्हटलं. आणि पुढचं कसं आलं तोंडातून, देव जाणे. “मला तुझी खूप आठवण येते. रोज येते. बाकी काही नाही.”

“हं,” मुलगा म्हणाला. बस, ‘हं’. मग कोणीतरी हाक मारली आणि तो गेला. मी नवऱ्याला म्हटलं, “बघितलंत? आयुष्यात पहिल्यांदा बोलले, तर हं म्हणाला.” नवरा म्हणाला, “मी असतो तर मी पण हंच म्हटलं असतं.”

रविवारी ते जोडपं आलं. चांगली माणसं होती. तिने पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, “किती छान ठेवलाय काकू! माती खायची सवय होती म्हणे याला? फार चिवट सवय असते. कशी मोडलीत?” मी म्हटलं, “अंगात कमी होतं ते दिलं.” वाटी त्याच्याबरोबर दिली, मुलाच्या नावासकट. त्याला दुसऱ्या भांड्यातलं आवडत नाही. खोक्यात ठेवताना त्याने माझ्या अंगठ्याला घट्ट धरलं, नखांनी, एक एक करून सोडवावी लागली. “जा मेल्या,” मी म्हटलं, “मुलुंडला काही कमी पडणार नाही तुला.” ते गाडीत बसेपर्यंत मी खिडकीत होते. ज्याला घरात घ्यायला तयार नव्हते, त्याच्यासाठी डोळ्यांना पदर लावून उभी होते. पेटीसुद्धा त्यांनी नेली. लाद्या तेवढ्या उरल्या. त्या मी खोलीत कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्या, तर जमिनीतच मिसळून गेल्या.

सोमवारी पाच वाजता मी चहा केला. जायचं नाही असं ठरवून त्याच खोलीत जाऊन बसले. समोर नुसती भिंत, पेटीच्या मापाची पांढरी राहिलेली. पाच वाजले. पाच दहा. अंगठा येण्यासाठीही आधी काहीतरी लिहावं लागतं, आणि माझ्याकडे लिहायला आता काही नव्हतं. नवरा दारात येऊन उभा राहिला, पेपर हातात, डोळे फोनवर. सव्वापाच झाले. मी म्हटलं, “कामात असेल.” तो म्हणाला, “हं.” मी म्हटलं, “तुम्ही हं म्हणू नका हो आता.”

पाच पंचविसाला फोन वाजला. व्हिडिओ. मुलगा ताट पुढ्यात घेऊन बसला होता. भात होता, पातळ काहीतरी होतं. तो माझ्याकडे बघत होता, माझ्याच. दुसरं बघायला होतं काय तिथे? जेवलास का विचारायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि ते सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. बराच वेळ दोघं तसेच.

मग त्याने घसा साफ केला.

“जेवलीस का?” त्याने विचारलं.

“आत्ता? पाच वाजता कोण जेवतं रे?” मी खेकसले. आवाज फाटला माझा. “तुला दुसरा प्रश्न येत नाही का?”

“नाही येत,” तो म्हणाला, आणि फोन भिंतीला टेकवून जेवायला लागला.